खुर्ची आणि पतंग

धाकटा घरी आला त्या दिवशी आम्ही त्याच्यासाठी नवी खुर्ची आणून ठेवली होती. २०२० च्या फेब्रुवारीची गोष्ट. पांढरी, हातांची, प्लॅस्टिकची खुर्ची. दुकानदाराने विचारलं, किती हव्यात? आम्ही म्हणालो, एकच द्या, पण मजबूत द्या. ओटीवर, जिथून रस्ता दिसतो अशा जागी ती मांडली. अम्मीने तिच्यावर घडी घालून रजई टाकली. धाकटा रिक्षातून उतरला, नव्या पायावर बेताने चालत उंबरठा ओलांडून आत आला, आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "बैठ, बैठ."

पुढची तीन वर्षं आम्ही त्याला दुसरं काही म्हणालो असू, असं आठवत नाही.

आम्ही तीन भावंडं. थोरली दोघं शिक्षक, दोघंही बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत लागलेली. अब्बा शिंपी. धाकट्याने दहावीतच सांगून टाकलं होतं की तो फौजेत जाणार. मोहल्ल्यात लोक हसले. "अपने लोगां को लेते क्या वहाँ?" असं विचारणारेही निघाले. १९६५ च्या लढाईत परमवीरचक्र मिळवणारे अब्दुल हमीद यांचं नाव आम्ही दर वर्षी भाषणात घेतो, टाळ्या मिळवतो. पण आपल्या गल्लीतला एखादा मुलगा त्या वाटेने निघाला की आम्हालाच आश्चर्य वाटतं. पेपर उर्दूत नव्हता. रात्री अब्बांचं मशीन थांबलं की आम्ही दोघं त्याच्याकडून हिंदी गाईडमधलं सामान्य ज्ञान घोकून घेत असू. पहाटे तो येवला-मनमाड रस्त्याला पळायला जाई. १६०० मीटर ठरलेल्या वेळेच्या आत पळावे लागत. २०१४ मध्ये तो भरती झाला. ट्रंक घेऊन निघाला तेव्हा अम्मीने त्याच्या दंडाला इमामे-जामिन बांधला आणि अब्बांनी त्याच्या पँटची लांबी डोळ्यांनी मोजली. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

२०१८ च्या पावसाळ्यात नियंत्रण रेषेजवळ गस्त घालताना सुरुंगावर त्याचा पाय पडला. डावा पाय, गुडघ्याच्या खाली. फोन आला तेव्हा शाळा चालू होती. तास अर्धा सोडून आम्ही घरी आलो, आणि अम्मीला सांगायचं कसं यावर बाहेरच्या ओट्यावर दहा मिनिटं कुजबुजत बसलो. दारामागे उभी राहून ती सगळं ऐकत होती.

पुण्याला वानवडीजवळ लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी ते सुरू झालं. धाकट्याला पाय तिथेच मिळाला. भेटायला गेलो तेव्हा आम्ही डोळे पुसायची तयारी करून गेलो होतो. वॉर्डात बघतो तर हा एका सरदारजीशी पैज लावत होता की समांतर दांड्यांमधून दहा फेऱ्या आधी कोण मारतो. कुणाचा एक पाय नव्हता, कुणाचे दोन्ही. चहा आणायला उशीर झाला की शिव्या, पाय नीट बसला नाही की शिव्या, आणि त्या शिव्यांमध्ये एवढा जिव्हाळा की आम्ही शिक्षक मंडळी बाजूला उभी राहून नुसती बघत राहिलो. परतताना बसमध्ये अम्मी म्हणाली, "हँस रहा था." तिला ते खटकलं होतं की बरं वाटलं होतं, ते तेव्हा कळलं नाही.

मग तो घरी आला आणि गप्प झाला. महिनाभरातच टाळेबंदी लागली. सगळी दुनियाच घरात बसली होती, त्यामुळे याचं बसणं कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. टाळेबंदी उठली, दुनिया उठली, हा बसलेलाच राहिला. दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही. बसवणारे आम्हीच होतो. पाणी हवं? बस, आणतो. दुकानात जायचंय? बस, मुलाला पाठवतो. पेन्शन मिळत होती, तेव्हा कमाईचंही कारण नव्हतं. पाहुणे येत, त्याच्या पायाकडे बघत, "अल्लाह की मर्जी" म्हणत आणि अम्मीला सब्र करायला सांगत. तो समोर बसलेला असताना.

शाळेचंही सांगायला हवं. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला आम्ही त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवू लागलो. शाल, नारळ, मुलींचं स्वागतगीत, फोटो. फोटो वर्तमानपत्राकडे जाई. आता लाज वाटते ती या गोष्टीची, की तो कार्यक्रम त्याच्यासाठी नव्हताच. तो होता बाहेरच्यांना दाखवण्यासाठी, की बघा, आमच्यातलाही एक जण देशासाठी पाय देऊन आला आहे. कुणी पुरावा मागितला की आम्ही त्याचा पाय पुढे करत होतो. मागणाऱ्यांचा राग येतो, तो यायलाच हवा. पण भावाला सर्टिफिकेटासारखं फाईलमध्ये लावून ठेवणारे हात आमचे होते. एका वर्षी झेंडावंदन झाल्यावर तो म्हणाला, "भाईजान, मुलांची धावण्याची शर्यत आहे ना? मी शिट्टी वाजवू?" आम्ही म्हणालो, ऊन आहे, तू बस.

मशिदीतही आम्ही शेवटच्या सफेत, भिंतीला लागून त्याची खुर्ची ठेवली. काही जुम्मे त्याने पूर्ण नमाज बसून पढली. एकदा इमामसाहेबांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "बेटा, खडे रह सकते हो?" तो म्हणाला, "जी." "तो फिर कियाम खडे होकर करो. सजदे के लिए कुर्सी ले लेना." ज्याला उभं राहता येतं त्याला उभं राहणं माफ नाही. मसला साधा होता, आम्हालाही ठाऊक होता. पण त्याला "उभा राहू शकतोस का?" हा प्रश्न दीड वर्षात पहिल्यांदा विचारला तो इमामसाहेबांनी. घरातल्या कुणी विचारला नव्हता.

आता पतंगाकडे यायला हवं, कारण आमचं गाव येवला आहे. पैठणी आणि पतंग, या दोन गोष्टींवर आमचं गाव ओळखलं जातं. भोगी, संक्रांत आणि कर, असे तीन दिवस गावात कुणी जमिनीवर नसतं. गच्च्यांवर हलगी वाजते, आसाऱ्या फिरतात, पतंग कापला की "वक्काट"ची आरोळी उठते. या खेळात हिंदू-मुसलमान असा वेगळा पेच कुणी लावत नाही. फरक असलाच तर व्याकरणात: मराठीत पतंग 'तो' असतो, आमच्या घरात उर्दूमुळे 'ती'. धाकटा लहानपणी आमच्या आळीत सगळ्यांत तरबेज होता. वाऱ्याचा रोख त्याला गालावर कळायचा. ढील द्यायची केव्हा आणि खेचायचं केव्हा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

२०२१ च्या संक्रांतीला तो सकाळीच नवी आसारी घेऊन जिन्यापाशी उभा राहिला. आमचा जिना लोखंडी, उभा, कठडा एकाच बाजूला. आम्ही अडवलं. त्याने एकदा विनंती केली, दुसऱ्यांदा आवाज चढवला, आणि मग संतापून ओरडला, "क्या बैठे-बैठे मार डालते क्या मेरेकू?" अब्बा खोलीतून बाहेर आले. कुणी काही बोललं नाही. धाकटा परत जाऊन खुर्चीत बसला. तीन दिवस वरून हलगी वाजत राहिली आणि त्याने ओटीचं दार लावून घेतलं.

बी.एड.ला 'कृतीतून शिक्षण' नावाचा धडा होता. आम्ही तो पाठ करून चांगले गुण मिळवले होते.

२०२३ च्या फेब्रुवारीत सावंतवाडीला नात्यातलं लग्न होतं. लग्नानंतर एक दिवस हाताशी होता, म्हणून जीप करून सगळे गोव्याच्या उत्तर टोकाला मोरजीच्या किनाऱ्यावर गेलो. दुपार कलली होती. समुद्रावरून जोराचा वारा सुटला होता आणि त्या वाऱ्यात पाण्यावर पतंग उडत होते. आपले कागदी नव्हेत. फुगवलेल्या कण्याचे, चंद्रकोरीसारखे, माणसाहून कितीतरी मोठे. खाली दोरीच्या टोकाला माणूस, त्याच्या पायाखाली फळी, आणि तो माणूस लाटा कापत धावतोय. मध्येच पतंग त्याला पाण्यातून उचली, हवेत नेई आणि अलगद परत ठेवी.

धाकटा वाळूत उभा राहिला. वाळूत कृत्रिम पाय रुततो, तोल जातो. आम्ही सवयीने म्हणालो, "बस ना." तो बसला नाही. तासभर उभा होता.

या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. पाण्यात पडल्यावर पुन्हा उडवता येईल असा हवा भरलेला पतंग फ्रान्समधल्या लगेन्यू नावाच्या दोघा भावांनी तयार केला. त्याचं पेटंट १९८४ चं आहे. खेळ म्हणून तो फैलावला तो १९९० नंतरची दहा वर्षं सरता सरता, आणि २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये त्याची पहिली शर्यत मार्सेलच्या समुद्रात झाली. वीस-पंचवीस मीटर लांबीच्या चार-पाच दोऱ्या, हातात एक दांडी. दांडी जवळ ओढली की पतंग जोर धरतो, पुढे सोडली की ढिला पडतो. ढील आणि खेच, आमचंच. पण खरी गंमत कमरेला आहे. दोऱ्यांचा सगळा ताण दांडीतून कमरेच्या रुंद पट्ट्याच्या आकड्यावर येतो. हातांना फक्त वळवायचं काम. पट्ट्याशी एक मूठ असते. ती ढकलली की पतंगाचा जोर क्षणात जातो. सुरुवातीच्या वर्षांत ही सोय नीट नव्हती आणि वाऱ्याने माणसं फरफटत नेऊन आपटली. आजही हा खेळ थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

हे सगळं आम्हाला सांगितलं एका इंग्रजाने. तो पाण्यातून बाहेर आला, फळी वाळूत ठेवली, आणि तेव्हा आम्हाला दिसलं की त्याचाही एक पाय गुडघ्याखाली धातूचा आहे. त्याने धाकट्याची पँट, उभं राहण्याची ढब, एक नजर पाहिली आणि विचारलं, "सुरुंग?" धाकटा म्हणाला, "सुरुंग." बस, ओळख झाली. दोघं पलटणीच्या इंग्रजीत बोलू लागले. आम्ही शहाळी आणायला गेलो ते परत आलो तेव्हा दोघांनी आपापले पाय काढून शेजारी वाळूत ठेवले होते आणि जोडाच्या गादीवर चर्चा चालली होती.

तो सांगत होता की त्यांच्याकडे लष्कर, नौदल आणि हवाई दल, तिन्हींत काइटसर्फिंगचे क्लब आहेत. मुळात ते धडधाकट शिपायांचे. इराक आणि अफगाणिस्तानातून जखमी मुलं येऊ लागली, तेव्हा क्लबातल्यांनी त्यांना किनाऱ्यावर न्यायला सुरुवात केली. कुणाला एका पायावर, कुणाला कृत्रिम पाय फळीच्या पट्ट्यात अडकवून, आणि ज्याच्या कमरेखाली जीवच उरलेला नाही त्याला फळीवर बसवलेल्या आसनात. हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट रोज तेच दहा व्यायाम करून घेतो, माणूस कंटाळतो. पाण्यात तोच तोल, तेच पोटाचे स्नायू, पण कंटाळायला वेळ नाही. पतंगावरून नजर हटली की तोंडात खारं पाणी. शिवाय रात्री ज्यांना झोप लागत नव्हती, दार आपटलं तरी जे दचकत होते, त्यांना दिवसातले दोन तास तरी डोक्यात फक्त वारा असायचा. तो म्हणाला, याने जखम बरी होते असं नाही, पण त्या दोन तासांत मी कुणाचा रुग्ण नसतो. आणि शिकवणारा आपलाच, फौजी. तो कीव करत नाही, शिव्या देतो. हे ऐकून धाकटा खदखदून हसला. वानवडीच्या वॉर्डानंतर ते हसू आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

मग आम्ही विचारलं, तुमचा पाय कुठे गेला? तो म्हणाला, हेलमंद.

इथे आमच्या मनात गाठ पडली, ती लपवत नाही. हेलमंद म्हणजे अफगाणिस्तान. ज्या वर्षांत तो तिथे बंदूक घेऊन फिरत होता त्या वर्षांत आम्ही जुम्म्याच्या दुआत अफगाणी मुसलमानांसाठी हात उचलत होतो. परक्या मुलखात याने जायचंच कशाला? याच्या देशाने याला आधी तिथे पाठवलं, पाय गेल्यावर समुद्रावर नेऊन पतंग दिला. ज्या शेतात तो सुरुंग होता त्या शेतातल्या पोरांना कुणी काय दिलं? आणि पतंग तर अफगाण्यांच्या जिवाचा. १९९६ ते २००१ या तालिबानच्या पहिल्या राजवटीत त्यांच्याच राज्यकर्त्यांनी तो उडवायला बंदी घातली होती. आम्ही हे सगळं त्या इंग्रजाला बोललो नाही. रात्री सावंतवाडीत धाकट्याला बोललो. तो म्हणाला, "आपा, सुरुंग पेरणाऱ्याला कोण येणार आहे ते ठाऊक नसतं. माझ्या जागी बकरी असती तर बकरी." थोडा वेळ थांबून म्हणाला, "त्यांच्या पोरांनाही मिळायला पाहिजे. पण म्हणून याच्याकडून काढून घ्यायचं का?"

नंतर आम्ही वाचत गेलो तेव्हा कळलं की काबूललाही काही मिळालं आहे. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचं तिथे कृत्रिम अवयवांचं केंद्र आहे. आल्बेर्तो कैरो नावाचे इटालियन फिजिओथेरपिस्ट १९९० मध्ये तिथे गेले आणि सरकारं बदलत गेली तरी राहिले. त्यांनी एक रीत पाडली: केंद्रातल्या नोकऱ्या अपंगांनाच. पाय बनवणाराही पाय गमावलेला, चालायला शिकवणाराही तसाच. तिथे चाकाच्या खुर्चीवरचं बास्केटबॉल खेळतात, मुलीही खेळल्या. म्हणजे खुर्चीवर बसून पळताही येतं. आम्ही आणलेल्या खुर्चीला चाकं नव्हती, एवढंच.

या विचाराचं मूळ शोधत गेलं की लुडविग गुटमन यांच्यापाशी पोचतो. हे यहुदी डॉक्टर. नाझींच्या जर्मनीतून १९३९ मध्ये जीव वाचवून इंग्लंडला आले. १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिलच्या इस्पितळात मणक्याला जखम झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे दिला. तोपर्यंत असे सैनिक पलंगावर पडून राहत, पाठीला जखमा होत, लघवीचा संसर्ग होई, आणि बहुतेक जण वर्षा-दोन वर्षांत मरून जात. डॉक्टरच त्यांच्यावर आशा ठेवत नसत. गुटमननी दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला लावली, मग खुर्चीत बसवलं, मग हातात चेंडू आणि धनुष्य दिलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, इस्पितळाच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिक, त्यांत दोन स्त्रिया, तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरले. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक झालं. पहिलं १९६० मध्ये रोमला.

आणि त्या मैदानात हिंदुस्थानला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं ते आपल्या मराठी मुलखातल्या फौजीने. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, एक मणक्यात अडकली, कमरेखालचं अंग गेलं. उपचार म्हणून पोहायला लावलं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रम केला. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. २०२४ मध्ये त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' आला तेव्हा नाशिकच्या थिएटरात आम्ही सगळे गेलो. धाकटा पडद्याकडे कमी आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे जास्त बघत होता, असं आम्हाला वाटलं. नंतर कळलं, पाय दुखत होता, काढून तिथे ठेवायचा होता.

पुण्यात खडकीला मणक्याच्या जखमेने कायमचे अधू झालेल्या फौजींचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. खडकीलाच बॉम्बे सॅपर्सच्या आवारात लष्कराने पॅरा खेळाडूंसाठी तळ उभा केला आहे. नागालँडचे हवालदार होकाटो सेमा यांचा डावा पाय २००२ मध्ये काश्मीरात चौकीबळला सुरुंगाने गेला. गोळाफेक त्यांनी हातात घेतली २०१६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, पुण्यात. आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १४.६५ मीटर गोळा फेकून कांस्यपदक घेतलं. मधली चौदा वर्षं आम्ही मोजली. धाकट्यानेही मोजली असावीत. त्या रात्री तो मोबाईल घेऊन लोखंडी जिन्याने गच्चीवर गेला. आम्ही खाली उभे राहिलो, हात पुढे केले नाहीत. अवघड होतं.

मोरजीहून आल्यापासून त्याने पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली होती. शिकवणी महाग असते. अम्मीला समुद्र म्हणजे बुडणं एवढंच माहीत. त्यावरून घरात दोन वर्षं वाद झाला. शेवटी २०२५ च्या फेब्रुवारीत तो पलटणीतल्या एका दोस्ताला घेऊन गेला, आणि आम्ही दोघं चार दिवसांची रजा टाकून मागोमाग. त्याला न विचारता. बसस्टँडवर आम्हाला बघून तो म्हणाला, "आ गए कुर्सी लेके?"

पहिला दिवस वाळूत गेला. छोटा पतंग, हवा कशी भरायची, मूठ कशी ढकलायची. शिकवणाऱ्या मुलाला तासाभरात कळलं की या गड्याला वारा शिकवायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यात, फळीशिवाय. पहिला धडा असतो पतंगाने नुसतं ओढत नेण्याचा. पोटावर पडून राहायचं, पतंग खेचतो, आपण लाटांतून सरकत जातो. धाकट्याने पाय काढून आमच्या हातात दिला आणि कुल्ह्यावर सरकत पाण्यात गेला. शेजारी दोन पायांची चार-पाच माणसं हाच धडा घेत होती. शंभर मीटर गेल्यावर त्यांच्यात आणि त्याच्यात आम्हाला फरक दिसेना. पाण्यावर फक्त डोकी दिसत होती आणि वर पतंग, आणि त्याचा पतंग सगळ्यांत स्थिर होता. त्याचा पाय छातीशी धरून आम्ही किनाऱ्याने त्याच्या बरोबर पळत होतो. लोक बघत असावेत.

तिसरा दिवस वाईट गेला. जुना पाय फळीच्या पट्ट्यात बसेना, बसला तर निघेना. खारं पाणी जोडात शिरलं, कातडी सोलली. बावीस वेळा पडला. आम्ही मोजलं, तो रागावला. चौथ्या दिवशी वारा दुपारी दोनला सुटला. सहा-सात वेळा पडून झाल्यावर पतंग खाली झेपावला, वर आला, आणि धाकटा पाण्यातून उठून उभा राहिला. दहा सेकंद असतील, बारा असतील. मग बाजूला कलंडला. आमच्या तोंडून "वक्काट" निघालं. चुकीची आरोळी; ती कापलेल्या पतंगाची.

येवल्याला परत आल्यावर अब्बांनी मोबाईलमधले फोटो चष्मा लावून पाहिले. पोराकडे नाही, पतंगाकडे. "कपडा कौनसा है? सिलाई दोहरी है क्या?" धाकट्याने माहिती दिली. आठ दिवसांनी अब्बांनी नाशिकहून पाण्यात घालायच्या सूटचं रबरी कापड आणलं आणि जोडावर चढवायची एक बाही शिवली. पहिली घट्ट झाली. दुसरीत हौदात बसून पाहिलं, पाणी शिरलं. तिसरी मशीनवर आहे. जुनी खुर्ची अब्बांच्या मशीनपाशी गेली आहे. नाप देताना धाकटा तिच्यावर पाय ठेवतो. पुढच्या फेब्रुवारीचे पैसे कोण देणार, यावर अजून वाद चालू आहे. अम्मी म्हणते, तिच्या भिशीचा नंबर जानेवारीत आहे, पण एका अटीवर: या वेळी ती बरोबर येणार.